जड शिसं लावलं म्हणून ती बोल्ट रिग होत नाही

गळाने कार्प (गोड्या पाण्यातला मासा) पकडताना दोरा, शिसं आणि गळ यांची जी जुळणी करतात ती रिग. ‘शंभर ग्रॅमचं शिसं आहे, म्हणजे बोल्ट रिगच’ असं कुणी म्हणालं की मी शिसं बघतच नाही, दोरा ओढून बघतो. बहुतेक वेळा तो शिशाच्या कडीतून सरसर पळतो. ही रनिंग रिगच, म्हणजे दोरा शिशातून मोकळा पळणारी, जरा वजनदार इतकंच.

रनिंग तुम्हाला येते, म्हणून थोडक्यात. मासा आमिष घेऊन निघतो, दोरा शिशातून मोकळा सरकतो, काठीचं टोक हलतं, गळ रुतवायचा झटका आपण मारतो. इथे जड शिसं लावण्यात काही चूक नाही. ते जागचं हलत नाही, त्यामुळे दोरा उलट जास्त नीट सरकतो. मण्याचा रंग, स्विव्हलचा (दोऱ्याला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कडीचा) आकार यावर लोक तासन्‌तास बोलतात, ते सोडून द्या.

बोल्टमध्ये झटका शिसं मारतं. सगळा घोळ इथे आहे. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तोंड नळीसारखं पुढे काढून तो तळावरचा घास शोषून घेतो आणि खटकलं की तितक्याच चपळाईने थुंकतो. यातलं बरंचसं काठीपर्यंत पोचतही नाही, मग झटका मारणार कधी? बोल्टमध्ये शिसं दोऱ्यावर अडकवलेलं असतं आणि गळाचा दोरा आखूड, साधारण १५ ते २० सेंमी. मासा घास घेऊन डोकं वर करतो, आखूड दोरा ताणतो, शिशाचं वजन एकदम गळावर येतं आणि टोक ओठात शिरतं. टोचलं की तो बिथरून पळतो आणि गळ आणखी रुततो. आपण फक्त काठी उचलायची. गळाचा दोरा अर्धा मीटर ठेवलात, तर दोरा ताणायच्या आत घास थुंकून मासा मोकळा.

म्हणून कणकेच्या गोळ्यात गळ पुरून बोल्ट टाकणाऱ्यांपुढे मी हात टेकतो. टोकच झाकलेलं, तर वजनाने ओढून रुतणार काय? बोल्टला आमिष कडक हवं आणि ते हेअरवर, म्हणजे गळाच्या वाकाखाली लोंबणाऱ्या बारीक धाग्यावर: बॉयली (उकडून कडक केलेला आमिषाचा गोळा) किंवा मक्याचे दाणे. गळ पूर्ण उघडा. पाव, कणीक, गांडूळ हे रनिंगचं काम. मका वापरायचा तर २४ तास भिजवून चांगला उकळून घ्या. कोरडा दाणा माशाच्या पोटात जाऊन फुगतो. चारा म्हणून कच्चे दाणे मूठमूठ फेकणाऱ्यांशी भांडायला मला वेळ असतो.

आणि शिसं ‘अडकवलेलं’ म्हणजे गाठ मारून कायमचं बांधलेलं नाही. याबाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. वरची लाईन, म्हणजे काठीकडचा मुख्य दोरा, तुटली तर तो मासा शिसं ओढत फिरतो, पाणवनस्पतीत गुंततो आणि तिथेच मरतो. लेड क्लिप, म्हणजे शिसं अडकवायची चिमटी, वापरा आणि तिच्यावरचं रबर बेताने बसवा. पाण्यात टाकण्याआधी एका हातात क्लिप, दुसऱ्यात शिसं धरून ओढा. जोर लावल्यावर रबर सरकून शिसं सुटलं पाहिजे. नाही सुटलं, तर रबर इतकं दामटून बसवणारे आपणच.

बोल्ट लावून ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आवळून जेवायला बसू नका, काठीच पाण्यात जाईल. ड्रॅग ढिला हवा. कडेजवळ, नजर काठीवर ठेवून बसायचं असेल तर माझी पसंती रनिंगलाच. लांब टाकून वाट बघायची असेल तर बोल्ट. रनिंगवर बारीकशा थरथरीलाही किंमत असते, बोल्टवर तिच्याकडे दुर्लक्ष करा आणि दोरा पळू द्या. अपवाद एकच: मासा शिसं उचलून तुमच्याच दिशेने आला तर दोरा पळत नाही, ताणलेला दोरा एकदम ढिला पडतो. तेव्हाही मासा लागलेलाच असतो, ताबडतोब काठी उचला.