ऑडिओ सीडी आणि एमपीथ्री सीडी: पेनड्राईव्हमध्ये गाणं का येत नाही

आराधी गाण्यांची जुनी सीडी कॉम्प्युटरला लावायची, सगळे ट्रॅक धरून पेनड्राईव्हवर टाकायचे आणि बारा गाणी डोळ्यांदेखत कॉपी झाली म्हणून खूश व्हायचं. मग ट्रॅक्टरच्या टेपला पेनड्राईव्ह लावला की एकही वाजत नाही. तुळजापूर घ्या, नांदेड घ्या, घोळ हाच. खापर फुटतं पेनड्राईव्हवर, नाहीतर ‘सीडीला लॉक हाय’ म्हणत विकणाऱ्यावर. लॉकबिक काही नसतं हो.

एमपीथ्री सीडी तुम्हाला माहीतच आहे. यात्रेतल्या स्टॉलवरची, दीडशे गाणी एकाच तबकडीत. तिच्यात फोल्डर असतात, फाइली असतात, कॉपी-पेस्ट चालतं. तिच्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

ऑडिओ सीडीवर, म्हणजे त्या आराधी गाण्यांच्या जुन्या सीडीवर, मात्र फाईल नावाची वस्तूच नाही. तिचा साचा फिलिप्स आणि सोनीनं १९८० मध्ये ठरवला, १९८२ मध्ये ती बाजारात आली आणि ती बनली होती हॉलमधल्या प्लेअरसाठी. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा वेगळा. हे सगळं आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेघेत. सुरुवातीला एक यादी असते: पहिला ट्रॅक इथून, दुसरा तिथून. प्लेअरला तेवढं पुरतं.

विंडोजला मात्र काहीतरी दाखवावंच लागतं. म्हणून ते त्या यादीवरून स्वतःच नावं तयार करतं: ‘ट्रॅक०१’, ‘ट्रॅक०२’, पुढे सीडीए. हीच ती फसवी फाईल. ती फक्त ४४ बाइटची असते. ट्रॅकचा नंबर, तो कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढीच नोंद तिच्यात. आवाजाचा कणही नाही. सातबारा पिशवीत घालून पुण्याला नेला म्हणून शेत पुण्याला जात नाही, तसंच हे.

यातली खरी मेख पुढे आहे. सीडी कॉम्प्युटरमध्येच असताना पेनड्राईव्हवरच्या त्या फाईलवर क्लिक केलं, तर गाणं वाजूही शकतं, कारण प्लेअर नोंद वाचून आवाज सीडीवरूनच उचलतो. ‘दुकानात वाजलं, घरी वाजंना’ ही तक्रार इथून येते. म्हणून वाजवून तपासू नका, साइज बघा. पाच मिनिटांचं गाणं सीडीवर ५० एमबीच्या वर जागा घेतं. पेनड्राईव्हवर १ केबी दिसत असेल तर गाणं आलेलंच नाही.

मग करायचं काय? कॉपी नाही, रिप. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ‘रिप सीडी’ दाबलं की तो ट्रॅक वाचून खरीखुरी फाईल बनवतो. ओरखडे पडलेल्या सीडीला ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्राम बरा. वेळ खातो, पण वाचायला जड जाणारा भाग पुन्हा पुन्हा वाचून बघतो. माझं म्हणाल तर एक प्रत फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळता साठवणारी फाईल) घरी ठेवा आणि ट्रॅक्टरसाठी एमपीथ्री करा. थेट १२८ केबीपीएसची, म्हणजे आवाज गाळून लहान केलेली, एमपीथ्री बनवून मूळ सीडी भंगारात देणाऱ्यांचा मला राग येतो. त्यात मूळ डेटाचा अकरावा हिस्साही उरत नाही, आणि तीच एमपीथ्री पुन्हा ऑडिओ सीडीवर जाळली (बर्न केली) म्हणून गेलेलं परत येत नाही.

घरात कुणाकडे ॲपलचा मॅक कॉम्प्युटर असेल तर या बाबतीत त्याचा सल्ला घेऊ नका. मॅकवर ट्रॅक ओढला की गाणं खरंच येतं, कारण तिथं सिस्टीमच मागच्या मागं आवाज वाचून फाईल करते. त्यामुळे ‘माझ्याकडं तर होतं की’ हे तो खरंच बोलत असतो.

गाण्यांची नावं दिसत नाहीत, हा किरकोळ मामला. बहुतेक ऑडिओ सीडींवर नावं नसतातच. कॉम्प्युटर ट्रॅकच्या लांबीवरून इंटरनेटवर शोधतो, आणि आपल्याकडच्या भारुडाला कधी भलत्याच अल्बमचं नाव चिकटवतो. हातानं टाइप करा.

उलट्या दिशेनंही हाच गोंधळ. मंदिरातल्या जुन्या प्लेअरसाठी सीडी जाळताना विंडोज विचारतं, डिस्क पेनड्राईव्हसारखी वापरायची की ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसोबत’. दुसरा पर्याय ऑडिओ सीडीचा वाटतो, पण तोही डेटा डिस्कच बनवतो आणि जुना प्लेअर मुकाट बसतो. मीडिया प्लेअरच्या बर्न विभागात जाऊन ‘ऑडिओ सीडी’ निवडा. तिथं हिशोब एमबीचा नाही, मिनिटांचा: ८० मिनिटं, म्हणजे सोळा-सतरा गाणी. दीडशेचा हट्ट इथं चालत नाही.