पार्श्वभूमी: हौशी संगणकवाल्यांचं विसरलेलं राजकारण

विकत घेतलेला फोन किंवा लॅपटॉप स्वतः उघडायचा, दुरुस्त करायचा हक्क ग्राहकाला असावा का, यावर सध्या जगभर कायदे होत आहेत. कॅलिफोर्नियाचा दुरुस्तीच्या हक्काचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. भारत सरकारनेही २०२२ मध्ये यासाठी एक पोर्टल सुरू केलं. चर्चा मात्र ग्राहकाचे पैसे आणि ई-कचरा यांच्या पलीकडे फारशी जात नाही. यंत्राचं झाकण उघडणं हा नागरिकाचा राजकीय हक्क आहे, ही मांडणी त्याच कॅलिफोर्नियात पन्नासेक वर्षांपूर्वी झाली होती. ती करणारे लोक युद्धविरोधी होते, विद्यार्थी चळवळीतून आले होते, काही जण तुरुंगात जाऊन आले होते आणि संध्याकाळी सोल्डरिंगचं काम करत बसत होते. घरगुती संगणकाचा इतिहास सांगताना या लोकांना गाळून थेट गॅरेजमधल्या हुशार पोरांवर येण्याची पद्धत पडली आहे. ती पद्धत मला मान्य नाही.

सुरुवात बर्कलीच्या विद्यापीठात होते. १९६४ च्या शरद ऋतूत तिथे आवारात राजकीय प्रचाराला बंदी झाली आणि विद्यार्थ्यांची अभिव्यक्ती स्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली. विद्यापीठाचा कारभार तेव्हा पंचकार्डांवर, म्हणजे संगणकाला वाचता येणाऱ्या छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर चाले, नावनोंदणीसुद्धा. त्या कार्डांवर घडी घालू नये, टोचू नये, फाडू नये अशी सूचना असे. आंदोलकांनी तीच सूचना स्वतःच्या छातीवर लावली: मी विद्यार्थी आहे, माझी घडी घालू नका. २ डिसेंबरला विद्यार्थी नेता मारिओ सॅव्हिओने केलेल्या भाषणात व्यवस्थेला यंत्राची उपमा होती आणि त्या यंत्राच्या चाकांवर अंग टाकून ते थांबवण्याचं आवाहन होतं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून सुमारे ८०० जणांना अटक झाली. त्या पिढीला संगणक म्हणजे सरकार, सैन्य आणि मोठ्या कंपन्यांचं हत्यार वाटत होतं आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

अटक झालेल्यांत ली फेल्झनस्टाइन हा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. फिलाडेल्फियाचा, इलेक्ट्रॉनिक्सचं वेड असलेला. त्याआधी त्याला नासाच्या एडवर्ड्स इथल्या केंद्रात शिकाऊ म्हणून काम मिळालं होतं. आईवडील कम्युनिस्ट पक्षात होते एवढ्या कारणावरून ते गेलं. राजकारण आणि सर्किट या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात अशा एकत्र आल्या, आणि पुढेही त्याने त्या वेगळ्या होऊ दिल्या नाहीत.

यंत्राबद्दलचा राग यंत्र चालवणाऱ्यांच्या सत्तेकडे वळला, हे त्या मंडळींचं मोठेपण. मोठा संगणक तेव्हा बंद, थंड खोलीत असे. आपली कार्डं खिडकीतून द्यायची, उत्तर कागदावर यायची वाट बघायची, आत पाऊल टाकायचं नाही. गाभारा आणि सोवळं म्हणतात ते हेच. खुद्द अमेरिकेतले असंतुष्ट प्रोग्रामर या आतल्या लोकांना पुरोहितवर्ग म्हणत. सत्यशोधकी परंपरा माहीत असलेल्या मराठी वाचकाला ही चीड समजावून सांगायला नको. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल कशाला, हा प्रश्न आपल्याकडे १८७३ पासून विचारला गेला आहे.

इहवादी नजरेने बघताना एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. त्याच परिसरात त्या काळात मुक्तीची दुसरी वाटही जोरात होती: कम्यून (एकत्र राहण्याच्या वसाहती), ध्यान, एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य, आणि यंत्रामुळे येणारं नवं सत्ययुग. 'होल अर्थ कॅटलॉग' या अवजारांच्या गाजलेल्या सूचिग्रंथाची सुरुवातच १९६८ मध्ये ‘आपण देवांसारखेच आहोत’ अशा घोषणेने झाली होती. फेल्झनस्टाइनचा विचार वेगळा होता. त्याच्यावर प्रभाव होता इव्हान इलिचचा, म्हणजे एकेकाळच्या कॅथलिक धर्मगुरूचाच, पण त्यातून घेतलेला युक्तिवाद कुठल्याही श्रद्धेवाचून उभा राहतो. मध्य अमेरिकेच्या जंगलातल्या गावांत रेडिओ पोहोचला आणि थोड्याच वर्षांत तिथलेच लोक तो दुरुस्त करू लागले. ज्याच्याभोवती असं जाणकारांचं वर्तुळ आपोआप तयार होतं तेच अवजार लोकांचं. मग संगणकही तसाच बनवायचा: वापरणाऱ्याला उघडता येईल, बिघडला तर समजेल, सुधारता येईल.

पहिला प्रयोग १९७३ चा. सॅन फ्रान्सिस्कोत 'रिसोर्स वन' नावाच्या गटाने एका जुन्या गोदामात एसडीएस ९४० हा भलामोठा संगणक मिळवून बसवला होता. फेल्झनस्टाइन, एफ्रेम लिपकिन, मार्क श्पाकोव्स्की आणि नागरी हक्क चळवळीत तुरुंगवास भोगलेली ज्यूड मिल्हॉन यांनी त्यावर 'कम्युनिटी मेमरी' उभी केली. ऑगस्टमध्ये बर्कलीतल्या 'लिओपोल्ड्स' या ग्रामोफोन रेकॉर्डच्या दुकानात, जिन्यावरच्या कागदी सूचनाफलकाशेजारी, एक टेलिटाइप (तारेने संगणकाला जोडलेलं, कागदावर छापणारं टंकयंत्र) ठेवला गेला. तो इतका खडखडाट करी की त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आत फोम लावावा लागला. हात आत घालायला भोकं, बघायला वर पारदर्शक प्लास्टिक. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला दहा अक्षरं जात. कोणीही यावं, लिहावं, शोधावं, पैसे नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही.

लोक घाबरतील, चिडतील अशी धास्ती होती, कारण संगणक म्हणजे शत्रूच. लोक उलट रांगा लावू लागले. घर भाड्याने, गाडीत जागा, बँडसाठी ड्रमवाला हवा, असल्या जाहिराती अपेक्षितच होत्या. पण कविता आल्या, वाद आले, टोपणनावाने चक्रम मजकूर लिहिणारे आले. कोणीतरी विचारलं की इथे चांगला बेगल (ज्यू पद्धतीचा गोल, मधे भोक असलेला पाव) कुठे मिळतो? दोन उत्तरांत दुकानांचे पत्ते होते. तिसऱ्यात एका माणसाचा फोन नंबर होता: हा पूर्वी बेगल बनवायचा, शिकायचं असेल तर शिकवेल. ही तिसरी नोंद त्या प्रयोगाचं सगळ्यात मोठं यश होतं असं मला वाटतं. माल कुठे विकत मिळतो हे सांगायला छापील जाहिराती होत्याच. अनोळखी माणसाचं कसब अनोळखी माणसापर्यंत पोहोचवणारं साधन मात्र नवं होतं.

जानेवारी १९७५ मध्ये ही पहिली फेरी थांबली. अशा अवजड यंत्राची निगा राखणं चळवळीच्या खिशाला परवडणारं नव्हतं. म्हणजे यंत्रच लहान आणि स्वस्त हवं.

इथे फ्रेड मूर येतो. वडील हवाई दलात अधिकारी, आणि हा मुलगा १९५९ मध्ये, अठराव्या वर्षी, सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणाविरुद्ध बर्कलीच्या प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांवर उपोषणाला बसला. १९६२ मध्ये ती सक्ती उठली. पुढे सैन्यभरती नाकारल्याबद्दल त्याने तुरुंगवास भोगला. जून १९७१ मध्ये होल अर्थ कॅटलॉगच्या समारोपाच्या मेजवानीत आयोजकांनी २०,००० डॉलर गर्दीपुढे ठेवले, त्यांचं काय करायचं ते गर्दीने ठरवायचं. पैशापेक्षा माणसांची एकमेकांशी ओळख मोलाची, असं मूर पोटतिडकीने सांगत राहिला. रात्रभराच्या वादानंतर सुमारे १५,००० डॉलर उरले ते त्याच्याच हाती आले. ओळखींचं ते जाळं कार्डांवर बांधता बांधता तो संगणकाकडे वळला आणि मेन्लो पार्कच्या 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी'त पोहोचला. नाव कंपनी असलं तरी बॉब अल्ब्रेक्ट आणि मित्रांचं ते वार्तापत्र आणि शिकवणीचं केंद्र होतं. ऑक्टोबर १९७२ च्या पहिल्याच अंकात त्यांनी लिहिलं होतं की संगणक बहुतेक लोकांविरुद्ध वापरले जातात, हे बदलायची वेळ आली आहे.

जानेवारी १९७५ मध्ये 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० हा छोटा संगणक झळकला. सुटे भाग घरी जोडायचे, किंमत ४०० डॉलरच्या आत, स्मृती फक्त २५६ बाइट, ना पडदा ना कीबोर्ड. समोरच्या खटक्यांनी आकडे भरायचे आणि दिव्यांवर उत्तर वाचायचं. मूर आणि गॉर्डन फ्रेंच यांनी पत्रकं लावली आणि ५ मार्चला फ्रेंचच्या गॅरेजमध्ये तिसेक लोक जमले. हाच होमब्रू कॉम्प्युटर क्लब. पुढे ॲपल कंपनीचा सहसंस्थापक झालेला स्टीव्ह वॉझ्नियॅक पहिल्या बैठकीपासून होता. त्याने पुढे ॲपल-१ या आपल्या संगणकाच्या सर्किटचे नकाशे क्लबात फुकट वाटले. बैठका स्टॅनफर्डच्या कणप्रवेगक केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या तेव्हा सूत्रसंचालन फेल्झनस्टाइनकडे आलं. आधी ज्याला जे सांगायचं ते सांगू द्यायचं, मग सगळ्यांनी उठून ज्याच्याशी बोलायचं त्याला गाठायचं. कम्युनिटी मेमरीचीच ही माणसांनी चालवलेली आवृत्ती.

आल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन या मायक्रोसॉफ्टच्या संस्थापकांनी बेसिक (प्रोग्राम लिहायची सोपी भाषा) चालवणारं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. त्याची छिद्रं पाडलेली कागदी टेप कोणाच्या तरी हाती लागली, प्रती निघाल्या, आणि क्लबात नियम झाला की एक नेलीत तर जास्त प्रती घेऊन परत या. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या गेट्सने हौशी लोकांना उघड पत्र लिहिलं: तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, आमच्या श्रमाचा मोबदला तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाही. श्रमाला दाम मिळायला हवा, हा मुद्दा कुठल्याही डाव्या माणसाने गंभीरपणे घ्यायला हवा आणि मी घेतो. पण बेसिक ही भाषाच १९६४ मध्ये डार्टमथच्या केमेनी आणि कुर्ट्झ या प्राध्यापकांनी सगळ्या विद्यार्थ्यांना संगणक वापरता यावा म्हणून घडवली होती. आणि गेट्सने ज्यावर काम केलं तो संगणक हार्वर्ड विद्यापीठाचा होता. सामायिक विहिरीवरून पाणी भरणाऱ्याने आपल्या हंड्याचा हिशेब मांडावा, पण विहिरीचाही मांडावा.

हौशी लोकांचं खरं उत्तर टायनी बेसिक, म्हणजे बेसिकची थोड्या स्मृतीत मावणारी छोटी आवृत्ती, हे होतं. डेनिस ॲलिसनने आराखडा पीपल्स कॉम्प्युटर कंपनीच्या अंकांतून छापला, वाचकांनी आपापल्या आवृत्त्या पाठवल्या, टॉम पिटमनने आपली पाच डॉलरला विकली आणि ती लोकांनी आनंदाने विकत घेतली. ली-चेन वांगने १९७६ च्या आपल्या आवृत्तीवर हक्क राखीव ऐवजी 'कॉपीलेफ्ट' असं लिहिलं. पुढच्या दशकात मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने कॉपीलेफ्ट हेच नाव एका कायदेशीर तत्त्वाला दिलं: प्रती काढा, बदला, वाटा, पण तोच हक्क पुढच्यालाही द्या.

या परंपरेचे दोष झाकायचं कारण नाही. क्लबात जवळजवळ सगळे पुरुष होते, आणि किटवर पगारातले शेकडो डॉलर खर्च करू शकणारे. लष्कराशी असलेलं नातंही तुटलेलं नव्हतं. एकात्मिक सर्किट (चिप) स्वस्त झाली ती मिनिटमन क्षेपणास्त्रं आणि अपोलो यानांच्या मागणीमुळे. एसडीएस ९४० ची रचना बर्कलीत संरक्षण खात्याच्या पैशातून झाली होती. युद्धविरोधी माणसं युद्धाच्या अर्थव्यवस्थेतून बाहेर पडलेले तुकडे जोडत होती.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: बहुसंख्य सदस्यांनी यंत्र उचललं, राजकारण तिथेच ठेवलं. क्लबातून कंपन्या निघाल्या. मूर लवकरच क्लबाबाहेर पडला आणि शांततेच्या चळवळीत काम करत राहिला. संगणक प्रत्येकाचा झाला, पण तो घरात, एकेकट्याचा. दुकानात, वाचनालयात, रस्त्याच्या कोपऱ्यावर सगळ्यांचा म्हणून ठेवलेला संगणक मागे पडला.

फेल्झनस्टाइनने मात्र तो सोडला नाही. ऑस्बोर्न-१ हा १९८१ चा, सोबत नेता येणारा संगणक त्याने घडवला. १९८४ मध्ये कम्युनिटी मेमरी बर्कलीत पुन्हा सुरू झाली. या वेळी वाचणं फुकट होतं, मजकूर लिहायला पाव डॉलर आणि नवा विषय उघडायला एक डॉलर नाण्यांच्या फटीत टाकावा लागे. ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली.