पार्श्वभूमी : ओकच्या रानातला 750 पायांचा मिलिपीड

पावसाळ्यात अंगणात आणि शेताच्या बांधावर दिसणारा पैसा, म्हणजेच वाणी, आपल्या ओळखीचा आहे. तो ज्या मिलिपीड वर्गातला, त्यातल्या सुमारे 12 हजार जातींना आजवर शास्त्रीय नाव मिळालं आहे आणि दरवर्षी त्यात भर पडते. एखाद्या जंगलात दोन-अडीच सेंटिमीटरचा नवा मिलिपीड सापडला की बातमीत सगळं कौतुक त्या सापडण्याचंच होतं. पण जात नवी आहे हे ठरतं जुन्या वर्णनांशी आणि संग्रहालयातल्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर. कॅलिफोर्नियातल्या इलाक्मी या प्रजातीच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या, इतिहासात हे फार चांगलं दिसतं.

1926 मध्ये ओ. एफ. कुक यांना सान हुआन बाउतिस्ता गावाजवळ दोऱ्यासारखे बारीक, फिकट रंगाचे काही मिलिपीड मिळाले. कुक अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ, पण मिलिपीडांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. सहकारी एच. एफ. लूमिस यांच्यासोबत त्यांनी 1928 मध्ये या प्राण्याचं वर्णन छापलं आणि त्याला इलाक्मी प्लेनिपेस हे नाव दिलं. एका नमुन्याचे पाय भरले 750. जागेची नोंदही त्यांनी नीट केली होती : उत्तरेकडचा उतार, ओकची झाडं, लहानशी घळ, तिथल्या एका मोठ्या दगडाखाली. त्यानंतर जवळजवळ 80 वर्षं हा प्राणी कुणाच्या पाहण्यात आल्याची नोंद नाही.

2005 मध्ये पॉल मरेक हे तेव्हाचे पीएच.डी.चे विद्यार्थी हीच नोंद हाती घेऊन त्याच भागात, सान बेनितो काउंटीत (जिल्ह्यात) गेले आणि तिथे मिलिपीड पुन्हा सापडला. 2006 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात त्याची माहिती आली. नुसतं ‘कॅलिफोर्निया’ लिहून कुक थांबले असते तर हा शोध कुठून सुरू करायचा? माझ्या मते कुक आणि लूमिस यांच्या त्या सगळ्या लेखात सर्वांत मोलाचं काही असेल, तर ती जागेची नोंदच.

आकडा कितीही नजरेत भरणारा असला तरी पाय मोजून जात ठरत नाही. मिलिपीड कात टाकत वाढतो तसतशी शरीराची कडी वाढतात आणि पायही. पुन्हा इलाक्मीत नरापेक्षा मादीला पाय जास्त. खरी ओळख पटते ती नराच्या नवव्या आणि दहाव्या जोडीवरून. हे पाय चालण्याचे राहिलेले नसतात, शुक्राणू मादीपर्यंत पोचवण्यासाठी त्यांचा आकार बदललेला असतो : पुढची जोडी जाडसर, मागची बारीक नि टोकदार. प्राण्याची रुंदीच जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे या पायांचे बारकावे पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. 1928 साली ती सोय नव्हती. म्हणून मरेक आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्याच जातीचं वर्णन सविस्तर, नव्याने केलं. शरीरावरच्या बारीक केसांतून रेशमासारखा स्राव येतो हेही त्यात नोंदवलं गेलं.

या कामाचा उपयोग लवकरच झाला. 2006 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच सिक्वोया नॅशनल पार्कमधल्या एका संगमरवरी गुहेत एक मिलिपीड मिळाला होता : 20 मिलिमीटर लांब, 414 पाय. नमुना एकच, पण नर होता. त्याचे ते चार पाय प्लेनिपेसशी ताडून पाहता आले आणि 2016 मध्ये इलाक्मी टोबिनी ही दुसरी जात जाहीर झाली. आसपासच्या 60 हून अधिक ठिकाणी शोधूनही दुसरा नमुना मिळाला नव्हता. 2023 मध्ये लॉस एंजेलिस परिसरातून तिसरी जात आली, इलाक्मी सोकाल, 486 पायांची. महानगराला खेटून असलेल्या रानात, मातीत काही इंच खाली ती राहते.

प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार 2000 पासून नवी जात छापताना तिचा प्रमाण-नमुना, म्हणजे ज्याच्याशी त्या जातीचं नाव कायमचं जोडलेलं राहतं तो नमुना, स्पष्ट नेमावाच लागतो. टोबिनीच्या बाबतीत तो गुहेतला एकुलता एक नर.

भारतात 2016 च्या सूचीनुसार मिलिपीडांच्या किमान 270 जाती आहेत. त्यांतल्या अनेकींची वर्णनं परदेशी अभ्यासकांनी केली : लंडनचे पोकॉक, व्हिएन्नाचे आटेम्स, जिनिव्हाचे झां कार्ल. कार्ल यांनी दक्षिण भारतातल्या मिलिपीडांवर 1932 आणि 1941 मध्ये केलेलं लेखन जर्मनमध्ये आहे आणि त्यांचे नमुने जिनिव्हाच्या संग्रहालयात. पश्चिम घाटातल्या पालापाचोळ्यात उद्या कुणाला वेगळा वाटणारा मिलिपीड मिळाला, तर तो नवा म्हणण्याआधी हे जर्मन वाचावं लागेल आणि जिनिव्हातल्या नमुन्यांच्या बाटल्याही तपासाव्या लागतील. त्या नमुन्यांची चांगली छायाचित्रं आपल्या विद्यार्थ्यांना बसल्या जागी पाहता यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.