लॅपटॉपची निवड: स्टिकरवरचे आकडे आणि त्यांमागचे भौतिकशास्त्र

दुसऱ्या पीयूसीचे, म्हणजे कर्नाटकातील बारावीचे, आणि सीईटीचे निकाल लागून अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले, की बेळगावातील संगणक विक्रेत्यांकडे खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या बाजूंनी येणाऱ्या पालकांची आणि मुलांची वर्दळ वाढते. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावातच असल्याने आणि २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठाचीही भर पडल्याने लॅपटॉप ही इथल्या मध्यमवर्गीय आणि शेतकरी घरांत शिक्षणाच्या खर्चातील एक ठरलेली बाब झाली आहे. दुकानात मात्र चौकशी बहुधा दोनच प्रश्नांपाशी थांबते: आय-फाइव्ह आहे का, आणि किती जीबीचा आहे? या दोन उत्तरांवरून यंत्राची किंमत साधारण कळते, पण त्याचा वेग कळत नाही. लॅपटॉपचा प्रत्यक्षातला वेग दोन गोष्टी ठरवतात. त्याचा प्रोसेसर, म्हणजे गणना करणारी मुख्य चिप, माहितीची वाट पाहण्यात किती वेळ घालवतो ही पहिली, आणि काम करताना निर्माण होणारी उष्णता ते यंत्र किती लवकर बाहेर टाकू शकते ही दुसरी. या दोन्ही गोष्टी स्टिकरवर छापलेल्या नसतात.

प्रथम नावाविषयी. ‘आय-फाइव्ह’ हे एका प्रोसेसरचे नाव नसून इंटेलच्या एका मोठ्या कुटुंबाचे आडनाव आहे, आणि त्या कुटुंबातील व्यक्तींच्या कुवतीत बराच फरक असतो. इंटेलचे आय५-१३३४यू आणि आय५-१३४२०एच हे दोन प्रोसेसर एकाच तेराव्या पिढीत मोडतात आणि दोघांचाही कमाल वेग ४.६ गिगाहर्ट्झ असल्याचे कंपनी सांगते. पहिल्यात गाभे, म्हणजे कोअर, दहा आहेत आणि दुसऱ्यात आठ. एवढ्यावरून पाहणाऱ्याला पहिला सरस वाटेल. परंतु पहिल्यातील फक्त दोन गाभे पूर्ण ताकदीचे आहेत, उरलेले आठ वीज वाचवणारे लहान गाभे आहेत. दुसऱ्यात पूर्ण ताकदीचे गाभे चार आहेत. शेवटच्या अक्षराचा अर्थही येथे महत्त्वाचा आहे. ‘यू’ असलेला प्रोसेसर १५ वॉट एवढ्या मूळ शक्तीसाठी रचलेला आहे, तर ‘एच’ असलेला ४५ वॉटसाठी. वर्गात टिपणे काढणे, एक्सेल, ऑनलाइन व्याख्याने यांसाठी ‘यू’ उत्तम, कारण तो बॅटरी जपतो. तासभर चालणाऱ्या गणनेसाठी ‘एच’.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिच्या बाबतीत फसगत निराळ्या ठिकाणी होते. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू यांच्या नावांत एकाच अंकाचा फरक आहे, पण या मालिकेत तिसरा अंक गाभ्याची रचना सांगतो. ७५२०यू मध्ये २०१९ साली बाजारात आलेली झेन २ ही रचना आणि चार गाभे आहेत. ७५३०यू मध्ये तिच्या पुढची झेन ३ ही रचना आणि सहा गाभे. दोन्ही यंत्रांवर ‘रायझेन ५, ७००० मालिका’ असेच लिहिलेले असते. ग्राहकाने एवढा बारकावा लक्षात ठेवावा अशी अपेक्षा करणे हा खरे तर कंपन्यांचा कावा आहे. तरी पैसे आपले असल्यामुळे तो लक्षात ठेवलेला बरा.

आता वाट पाहण्याकडे वळू. तीन गिगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसर सेकंदाला तीन अब्ज ठोके घेतो. त्याला हवी असलेली माहिती रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीत असेल, तर ती हाती यायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे त्याचे तीनशे ठोके वाया जातात. तीच माहिती एसएसडीवर, म्हणजे चिपांवर कायमची माहिती साठवणाऱ्या साधनावर असेल तर लागणारा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो आणि सुमारे तीन लाख ठोके जातात. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर गोष्ट यांत्रिक होते: मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवा तो भाग वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी साडेपाच मिलिसेकंद आणि शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यासाठी आणखी दहाएक मिलिसेकंद जातात. एवढ्या अवधीत प्रोसेसरचे साडेचार कोटी ठोके रिकामे गेलेले असतात. गळीत हंगामात कारखान्याची गाळपक्षमता कितीही मोठी असली, तरी गव्हाणीत ऊसच पडत नसेल तर साखर तयार होत नाही. महागडा प्रोसेसर आणि हार्ड डिस्क यांची जोडी नेमकी अशीच असते. म्हणून साध्या प्रोसेसरचा पण एसएसडी असलेला लॅपटॉप रोजच्या वापरात हार्ड डिस्कवाल्या भारी लॅपटॉपपेक्षा चपळ वाटतो. खानापूरहून बेळगावला रोज बसने जा-ये करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने एसएसडीचा आणखी एक फायदा असा, की तिच्यात हलणारा भागच नसल्यामुळे खड्ड्यांतील धक्क्यांनी वाचनशीर्ष तबकडीवर आपटण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

एसएसडीतही प्रकार आहेत. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट माहिती देते, एनव्हीएमई या नव्या प्रकारची अनेक पटींनी जास्त. पण लहान लहान फायली उघडताना हा फरक आकड्यांइतका जाणवत नाही. खरे टाळायचे ते ईएमएमसी नावाचे साठवण, जे स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबी क्षमतेचे असते, मुख्य फळीवरच (मदरबोर्डवर) डाग देऊन बसवलेले असते आणि बदलता येत नाही. ५१२ जीबीची एसएसडी घेतल्यावर विंडोज ४७६ जीबीच दाखवते, याबद्दल दुकानदाराशी वाद घालू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढेच त्याचे कारण आहे.

रॅमचा प्रश्न प्रतीक्षेच्या याच गणितातून सुटतो. रॅम भरली, की संगणक कमी निकडीची माहिती एसएसडीवर हलवतो आणि गरज पडताच परत आणतो. तीनशे ठोक्यांचे काम तीन लाख ठोक्यांवर जाते, आणि आपण ‘हँग झाला’ म्हणतो. विंडोज ११ साठी कंपनीने सांगितलेली किमान मर्यादा ४ जीबी असली, तरी तेवढ्यावर यंत्र फक्त सुरू होते. लेखन, हिशेब आणि ब्राउझर यांसाठी ८ जीबी चालून जाते. ज्यांना प्रोग्रॅमिंग, त्रिमितीय आरेखन किंवा मोबाइल ॲप तयार करणे शिकायचे आहे, त्यांनी १६ जीबी हाच आरंभ मानावा. यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा, की रॅम खाचेत बसवलेली आहे की फळीवर जोडून टाकलेली. खाच मोकळी असेल, तर आज ८ जीबी घेऊन दोन वर्षांनी वाढवता येते. शिवाय एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या असल्या, की माहितीचा मार्ग दुपदरी होतो: डीडीआर४ प्रकारच्या, ३,२०० वेगाच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते, दोन मिळून ५१.२. ज्या यंत्रांत वेगळे ग्राफिक कार्ड नसते, तिथे चित्राचे कामही हीच रॅम वापरते, म्हणून दुपदरी मार्गाचा लाभ तिथे सर्वांत ठळक दिसतो.

उष्णतेचा मुद्दा विक्रेते सहसा काढत नाहीत, आणि माझ्या मते निर्णय खरा तिथेच असतो. प्रोसेसरमधील सूक्ष्म स्विच उघडमीट करताना लागणारी शक्ती ही विद्युतदाबाचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेग वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो. दोन्ही २० टक्क्यांनी वाढवले, तर शक्तीची गरज १.२ चा घन, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते, आणि ही सगळी शक्ती शेवटी उष्णताच होते. स्टिकरवरचा ४.६ गिगाहर्ट्झ हा त्यामुळे काही सेकंदांचा वेग असतो. चिपचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की ती स्वतःच दाब आणि वेग खाली आणते. एकच प्रोसेसर जाडसर देह, दोन पंखे आणि रुंद तांब्याच्या नळ्या असलेल्या लॅपटॉपमध्ये जेवढे काम तासाला करतो, तेवढे तो अतिपातळ, एका पंख्याच्या लॅपटॉपमध्ये करू शकत नाही.

त्यातच भूगोलही भर घालतो. उष्णता बाहेर जाण्याचा वेग चिप आणि खोलीतील हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असतो. बेळगाव शहरात २५ अंशांच्या खोलीत हा फरक ७५ अंशांचा असेल, तर एप्रिलमध्ये अथणी किंवा रायबागकडे ३८ अंशांच्या खोलीत तो ६२ अंशांवर येतो. तोच पंखा तेव्हा सुमारे १७ टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री आणि मशिन शॉपमध्ये वापरायच्या लॅपटॉपचा शत्रू तापमानापेक्षाही धूळ हा आहे, कारण पंखा तळाकडून हवा ओढतो आणि वाळूची, लोखंडाची बारीक पूड उष्णता टाकणाऱ्या पात्यांच्या फटींत साचते. अशा ठिकाणी तळाचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते का, हे विचारणे प्रोसेसरची पिढी विचारण्याइतकेच मोलाचे आहे. घरी लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणारे मात्र फाउंड्रीत न जाताच तोच परिणाम साधतात.

ग्राफिक कार्डाच्या नावातही शक्तीचा आकडा दडलेला असतो. लॅपटॉपसाठीचे एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०५० हे कार्ड निर्मात्याच्या इच्छेनुसार ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही शक्तीवर बसवता येते. नाव तेच, काम निराळे. यांत्रिकी शाखेच्या विद्यार्थ्यांना त्रिमितीय आरेखनासाठी असे कार्ड उपयोगी पडते, यंत्रशिक्षणाचे (मशिन लर्निंगचे) प्रयोग करणाऱ्यांनाही पडते. ऑटोकॅडमध्ये द्विमितीय नकाशे काढण्याचे काम मात्र मुख्यतः एका गाभ्याच्या वेगावर चालते, आणि पहिल्या वर्षाचे सी किंवा पायथन तर साध्या यंत्रावरही सुरळीत चालते. कार्ड आले की वजन, जड चार्जर आणि लवकर उतरणारी बॅटरी हेही त्याच्यासोबत येतात.

पावसाळ्यात कणकुंबी, जांबोटीच्या पट्ट्यात वाऱ्यापावसाने तारा तुटल्या की हेस्कॉम या वीज कंपनीचा पुरवठा बराच वेळ बंद राहतो, त्यामुळे इकडच्या ग्राहकाने बॅटरीकडे बारकाईने पाहावे. तिची क्षमता वॉट-तासांत विचारावी. मिलीअँपिअर-तासांचा आकडा विद्युतदाब ठाऊक असल्याशिवाय निरर्थक असतो. हलक्या कामात लॅपटॉप साधारण ८ वॉट खर्च करतो. ४२ वॉट-तासांची बॅटरी त्या हिशेबाने पाच तास चालेल आणि ६० वॉट-तासांची साडेसात तास. जाहिरातीतील मोठे आकडे पडदा मंद ठेवून मोजलेले असतात. लिथियम-आयन बॅटरी, जिच्या विकासासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले, ती सतत पूर्ण भरलेली आणि तापलेली राहिली तर लवकर जीर्ण होते. म्हणून भरण ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असलेले यंत्र घ्यावे, आणि वीज जाण्याची चिन्हे दिसतील त्या दिवशीच ते पूर्ण भरावे.

विद्युतदाब कमी-जास्त होण्याची भीती बहुतेकांना वाटते, पण चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते आणि त्या मर्यादेतील चढउतार तो स्वतः सांभाळतो. विजेच्या कडकडाटात येणारा क्षणिक लोंढा मात्र त्याला सोसत नाही. तेव्हा पिन काढून ठेवणे हाच उपाय. जुन्या कौलारू घरांत धातूच्या देहाचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की हाताला मुंग्या येतात, हा अनुभव अनेकांचा आहे. चार्जरमधील विद्युत गोंगाट गाळणारे लहान धारित्र (कपॅसिटर) फार थोडा प्रवाह देहाकडे सोडतात, जो अर्थिंगमधून निघून जायला हवा. अर्थिंग नसेल तर तो आपल्या बोटांतून वाट शोधतो. प्रवाह सहसा घातक नसतो, पण दोष लॅपटॉपचा समजून दुकानाची फेरी मारण्यापेक्षा वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावे.

पडद्याबद्दल इंग्रजी मजकुरापुरता विचार करणाऱ्यांना जे लक्षात येत नाही, ते आपल्याला येते. देवनागरीत रेषेच्या वर रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. कन्नडमध्ये ओत्तक्षरे, म्हणजे जोडाक्षरांतील दुसरी व्यंजने, अक्षराखाली उतरतात. दोन्ही लिप्या उभ्या दिशेने दाटीच्या आहेत, आणि बेळगाव-निपाणीकडील डीटीपीवाल्यांना एकाच लग्नपत्रिकेत किंवा फलकात दोन्ही हाताळाव्या लागतात. १५.६ इंची पडद्यावर १३६६ बाय ७६८ बिंदू असतील तर इंचाला सुमारे १०० बिंदू पडतात, १९२० बाय १०८० असतील तर १४१. लहान आकारातला ‘ष्ट्र’ पहिल्या पडद्यावर डाग दिसतो, दुसऱ्यावर अक्षर. पडदा आयपीएस प्रकारचा, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारा असावा, आणि छपाईचे काम असेल तर ‘४५ टक्के एनटीएससी’, म्हणजे रंगांचा आवाका मर्यादित असे लिहिलेला पडदा टाळावा, कारण त्याच्यावर कुंकवाचा लाल निस्तेज दिसतो आणि छापून आल्यावर भडक निघतो.

वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी एक तारीख ध्यानात ठेवावी: विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या जवळपास सर्व प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. कोल्हापूर किंवा गोव्यात जाऊन कर वाचतो, हा समजही २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून कालबाह्य आहे. लॅपटॉपवरील १८ टक्के दर तिन्ही राज्यांत एकच आहे. फरक पडला तर विक्रेत्याच्या सवलतीचा पडेल.

दुकानात चालू करून दाखवलेल्या यंत्रावर विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून मेमरीचे पान पाहिले, तर रॅमचा वेग आणि बहुधा किती खाचा भरलेल्या आहेत हे दिसते. बॅटरीचे वॉट-तास, ग्राफिक कार्डाची शक्ती, पडद्याचा प्रकार आणि रॅम वाढवता येते की नाही, ही माहिती तिथे मिळत नाही, आणि विक्रेत्याकडूनही बहुतेकदा अंदाजच मिळतो. खोक्यावर मालिकेच्या नावाखाली बारीक अक्षरांत मॉडेलचा पूर्ण क्रमांक असतो, ज्यातील शेवटची दोन-तीन अक्षरेही महत्त्वाची असतात, कारण एकाच नावाचे लॅपटॉप वेगवेगळ्या पडद्यांसह आणि बॅटऱ्यांसह विकले जातात. तो क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्यावा, कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचे सविस्तर तपशीलपत्रक वाचावे, आणि मगच पैसे द्यावेत.