गोमुखची वाट: रस्ता पुढे, हिम मागे

गंगोत्रीहून गोमुखला जाणारी वाट सुमारे 18 किलोमीटरची. चिरबासा, भोजबासा, मग दगडधोंड्यांतून गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचं मुख, जिथून गंगेचा मूळ प्रवाह भागीरथी निघते. ट्रेकर आणि यात्रेकरू दोघेही ती चालतात, आणि गेल्या दोनशे वर्षांत तिची दोन्ही टोकं हलली आहेत.

अठराव्या शतकाच्या अखेरच्या नकाशांत गंगा मानसरोवराच्या बाजूने येऊन हिमालय फोडते असं दाखवलेलं असे. नकाशाकार जेम्स रेनेल यांच्या गाजलेल्या नकाशातही तेच होतं. ते खरं की खोटं हे पाहायला ईस्ट इंडिया कंपनीने 1808 मध्ये वेब, रेपर आणि हिअरसी यांची तुकडी पाठवली. ती गंगोत्री गाठण्याआधीच माघारी फिरली. 1815 मध्ये जेम्स बेली फ्रेझर गंगोत्रीपर्यंत पोचले. गंगोत्रीचं देऊळ त्याआधी काही वर्षांपूर्वीच गोरखा सेनापती अमरसिंह थापा यांनी बांधवलं होतं. गोमुखची मोजणी झाली 1817 च्या मे अखेरीस, हॉजसन आणि हर्बर्ट या सर्वेक्षकांच्या हातून. बर्फाच्या भिंतीतल्या कमानीतून नदी बाहेर पडते आणि वर हिमाचे सुळके लोंबतात, हे पाहून हॉजसन यांना महादेवाच्या जटा आठवल्या. साधूंना ही जागा फार पूर्वीपासून ठाऊक होती, हे मात्र विसरू नये. 1866 मध्ये सॅम्युअल बोर्न कॅमेरा घेऊन इथे आले.

हिम नेमकं किती मागे सरकलं ते सांगता येतं ते मुख्यतः 1935 पासून. त्या वर्षी भूवैज्ञानिक जॉन ऑडेन यांनी हिमनदीच्या मुखाचा तपशीलवार नकाशा केला. पुढच्या सगळ्या तुलना त्याच्याशी होत आल्या, म्हणून मला हे काम या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. 1935 ते 1996 या काळात मुख सुमारे 1150 मीटर मागे गेलं, म्हणजे वर्षाला साधारण 19 मीटर. नंतरच्या काही मोजण्यांत वेग कमी दिसला, पण त्यावरून हिमनदी सावरली असं म्हणणं घाईचं होईल. सुमारे 30 किलोमीटर लांबीची ही हिमनदी हवामानातल्या बदलाला दशकांच्या उशिराने उत्तर देते. खालचा भाग दगडमातीखाली दडलेला आहे. थर जाड असेल तिथे बर्फ झाकलं जातं, पातळ असेल तिथे उलट जास्त वितळतं. नुसत्या मुखाकडे पाहिलं तर वरचं बर्फ किती पातळ होतंय ते कळतच नाही. रक्तवर्ण आणि चतुरंगी या उपहिमनद्या तर मुख्य प्रवाहापासून तुटल्या आहेत.

इकडे हिम मागे हटत असताना गाडीरस्ता मात्र पुढे येत राहिला. एकेकाळी यात्रेकरूंना लंका नावाच्या ठिकाणी गाडी सोडून जाडगंगेच्या खोल दरीत उतरावं लागे आणि पलीकडे भैरोंघाटी चढावी लागे. 1980 च्या दशकात पूल झाला आणि मोटार थेट गंगोत्रीला पोचली. गर्दी वाढली, चहाची दुकानं वाढली, आणि सरपणासाठी भोजवृक्ष (भूर्ज) तुटत गेले. भोजबाशाला ज्यांनी नाव दिलं, ती झाडं तिथून जवळजवळ नाहीशी झाली. नंदादेवी चढलेल्या गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी 1990 च्या दशकात तिथे पुन्हा भोजवृक्ष लावायला घेतले. त्या उंचीवर रोप जगवणं म्हणजे वर्षानुवर्षांची राखण, आणि ती त्यांनी केली.

1989 मध्ये हा परिसर गंगोत्री राष्ट्रीय उद्यान झाला. आज वनखात्याचं परमिट लागतं आणि दिवसाला 150 जणांनाच पुढे सोडतात. काहींना ही मर्यादा जाचक वाटते. मला ती उशिरा आलेली वाटते.

वाट आजही बदलतेच आहे. 2016 मध्ये मुखाचा मोठा तुकडा कोसळला. 2017 च्या जुलैत मेरू हिमनदीच्या बाजूने आलेल्या लोंढ्याने गोमुखपाशी प्रचंड राडारोडा आणून टाकला. पूर्वी गोमुखजवळून हिमनदी ओलांडून वरच्या तपोवन या कुरणाला चढत. आता बरेच गट भोजबाशालाच दोरावरच्या ट्रॉलीने भागीरथी पार करतात आणि पलीकडच्या काठाने वर जातात.