तेलाचा दगड आणि पाण्याचा दगड

गेल्या पावसाळ्यात म्हापशाच्या बाजारातून धार लावायचा दगड आणला. करडा, विटेसारखा, एक बाजू खरखरीत, दुसरी गुळगुळीत. घरी आल्याआल्या सवयीने त्यावर खोबरेल ओतलं. दगडाने ते गटागटा पिऊन टाकलं आणि चार दिवसांत सुरी त्यावर नुसती घसरायला लागली. तो पाण्याचा दगड होता. विकणाऱ्याने सांगितलं नाही, मला विचारायचं सुचलं नाही, आणि चांगला दगड वाया गेला.

हा घोटाळा घरोघरी होतो, कारण दोन्ही दगडांतले धार काढणारे कण साधारण तेच असतात. एक सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे आपलं कार्बोरंडम. १८९१च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरे करायच्या खटपटीत असताना ते हाती लागलं. दुसरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे कुरुंदाचंच कारखान्यात केलेलं रूप. फरक आहे तो हे कण एकमेकांना किती घट्ट धरून बसलेत, यात.

तेलाच्या दगडात ते पक्के बसवलेले असतात. कण बोथट झाला तरी जागा सोडत नाही. म्हणून दगड वर्षानुवर्षं सपाट राहतो, पण काम सावकाश करतो, आणि पात्याचा कीस त्याच्या छिद्रांत जाऊन बसतो. तेल हा कीस तरंगत ठेवण्यासाठी असतं. त्यामुळे तेल पातळच हवं. शिलाई मशीनचं उत्तम. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे डिसेंबरातल्या पहाटे ते दगडाच्या छिद्रांत घट्ट होऊन बसणार, आणि जुनं झालं की खवट वास येणार. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं तेल तर वाळून चिकटच होतं.

पाण्याचा दगड मऊ. घासताना बोथट कण सुटून जातात, खालचे नवे, टोकदार कण वर येतात. सुटलेले कण, पाणी आणि कीस मिळून जो राखाडी लगदा होतो, तो लोक अस्वच्छ वाटतो म्हणून धुऊन टाकतात. तसं करू नका. धार काढायचं बरंचसं काम तो लगदाच करतो. या वेगाची किंमत अशी की दगड मधोमध खोलगट होतो. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, काचेवर १२० नंबरचा वॉटर पेपर ठेवायचा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर घासायचा. आपल्या हवेत आणखी एक जपायला हवं: ओला दगड डब्यात बंद केला तर बुरशी धरतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवावा.

मग घ्यायचा कोणता? दगडापेक्षा आधी पातं बघा. विळीसाठी, जिला इथे आदोळी म्हणतात, मी तेलाचाच दगड घेईन. तिचं पातं पाटाला जडवलेलं, वाकडं. दगडच हातात धरून पात्यावर फिरवावा लागतो, आणि मऊ दगडात ते पातं चर पाडतं. कोयत्यालाही तोच. उलट, इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, पातळ तुकड्या पाडायला घेतलेली कडक पोलादाची सुरी असेल, तर पाण्याचाच दगड घ्या. तेलाच्या दगडावर तिला धार यायला फार वेळ लागतो. घरातल्या साध्या स्टीलच्या सुऱ्या दोन्हींवर चालतात.

नंबराचाही गोंधळ आहे. दगडाचा नंबर जितका मोठा, तितके त्याचे कण बारीक. जपानी मोजमापात १००० नंबरचा कण साधारण ११ ते १५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर युरोपीय एफ-१००० चा साडेचार मायक्रॉनच्या आसपास. नंबर एकच, पण एक दुसऱ्याच्या दुपटीहून जाड. म्हणून कोणतं मोजमाप ते विचारून घ्या. स्वयंपाकघरासाठी जपानी १००० पुष्कळ झालं, असं माझं ठाम मत आहे. ६००० वर पातं आरशासारखं चमकतं, पण टोमॅटोच्या सालीवर नि बांगड्याच्या कातडीवर घसरतं. तिथे धारेला थोडी खरखर लागतेच. ४०० चा दगड फक्त पात्याला खाच पडली असेल तेव्हाच काढायचा.

घासायची रीत दोन्हींवर एकच. पातं ४ सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून १ सेंटीमीटर उचलून धरा. साधारण १५ अंश होतात. साध्या सुरीला थोडी जास्त उचला. एकाच बाजूने घासत राहा आणि मधूनमधून दुसऱ्या बाजूला अंगठा कडेकडे आडवा सरकवून पाहा, कडेच्या लांबीवर कधीच नाही. बोटाला अडकणारी बारीक कोर लागली, की ती बाजू झाली. कारखान्यात तिला बर म्हणतात. कोर येण्याआधीच पातं उलटणं, ही धार न येण्यामागची सगळ्यात मोठी चूक. दोन्ही बाजू झाल्या की हात हलका करत, बाजू बदलत ती कोर काढून टाका. पातं लोखंडी असेल तर कोरडं पुसून त्याला खोबरेलाचं बोट लावा.