रक्तदाब उतरला, पण रुग्णाला बरे वाटते का?

उच्च रक्तदाब हा बहुधा न दुखणारा आजार आहे. वेगवेगळ्या दिवशी मोजलेला दाब 140/90 किंवा त्याहून अधिक भरला की गोळी सुरू होते. पण तोवर ठणठणीत वाटणाऱ्या माणसाला तिच्यामुळे आणखी बरे वाटेलच असे नाही. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मूत्रपिंडाची हानी यांचा धोका कमी होतो, हा लाभ फार मोठा आहे, परंतु तो डोळ्यांना दिसत नाही. गोळीचा त्रास मात्र, झालाच तर, रोज जाणवतो. कित्येक जण डॉक्टरांना न सांगताच गोळी सोडतात, त्यामागे हेही एक कारण असते.

निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला रामिप्रिल किंवा एनालाप्रिल ही रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर कोरडा खोकला लागला, तर ती साहजिकच तंबाखूच्या धुळीला दोष देते. ही औषधे ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, तोच विकर ब्रॅडिकायनिन या द्रव्याचाही निचरा करतो. ते साठले की श्वासमार्ग चाळवतो. लांबलेल्या खोकल्यात क्षयाची तपासणी टाळू नयेच, पण कारण गोळी असेल तर तिच्याऐवजी टेल्मिसार्टनसारखे रक्तदाबाचे दुसरे औषध दिल्यावर खोकला बहुधा काही आठवड्यांत थांबतो. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या आणखी एका गोळीने संध्याकाळी घोट्यांवर येणारी सूजही अशीच समजून घ्यावी लागते. या गोळीने सूक्ष्म रोहिण्या सैलावतात, नीला तितक्या सैलावत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांतील दाब वाढून पाणी बाहेर झिरपते. मात्रा कमी केली किंवा जोडीला टेल्मिसार्टन दिले की सूज पुष्कळदा उतरते. लघवी वाढवणारी गोळी घेऊन खानापूरहून बेळगावची एसटी पकडणाऱ्याची अडचण तर केवळ गोळीची वेळ बदलूनही सुटू शकते. या सर्व गोष्टी रुग्णाला मराठीत समजावून सांगणे हा सीमाभागात उपचाराचाच भाग आहे, असे मला मनापासून वाटते.

निदान कसे सांगितले जाते, यालाही महत्त्व आहे. कॅनडातील पोलाद कामगारांच्या 1978 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तदाब असल्याचे कळल्यानंतर कामावरील गैरहजेरी वाढली, आणि ती वाढ औषध सुरू न केलेल्यांतही दिसली. दाब अधिक खाली आणल्याने जगणे अवघड होते, या भीतीला मात्र पुरावा दुजोरा देत नाही. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ या 9,361 जणांच्या चाचणीत वरचा दाब 120 च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेला गट आणि 140 च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेला गट यांची तुलना झाली; पहिल्या गटात हृदयविकार आणि मृत्यू कमी आढळले, आणि रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. मधुमेही आणि पूर्वी पक्षाघात झालेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते, हे ध्यानात ठेवावे.

वयस्कर रुग्णांचा दाब उभे करूनही मोजायला हवा. उठल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा दाब 20 किंवा अधिक अंकांनी उतरत असेल, तर खानापूरच्या शेतात भाताची रोपे लावून सरळ होताना भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता तिची मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी.